फ्लॅट फुटेज : कॅमेऱ्याला झेपेल तेवढेच सपाट

या खेपेस आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. साध्या, घरगुती वापराच्या किंवा लग्नाच्या कामासाठी घेतलेल्या डिजिटल कॅमेऱ्यातून ‘फ्लॅट’ फुटेज, म्हणजे नंतर रंगसंस्कार (ग्रेडिंग) करता येईल असे सौम्य, कमी कॉन्ट्रास्टचे चित्रण कसे मिळवावे, हा तो विषय. त्यामुळे हे सदर यावेळी त्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे कॅननचा ईओएस २००डी टू हा कॅमेरा असून मी लग्नसमारंभांचे चित्रण करतो. फुटेज फ्लॅट असले की नंतर हवे तसे रंग देता येतात, असे ऐकून मी पिक्चर स्टाइलमधले (कॅमेऱ्यातल्या रंगाच्या तयार सेटिंगमधले) कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, दोन्ही अगदी शेवटपर्यंत खाली आणले. फुटेज करडे दिसले, ते अपेक्षितच होते. पण ग्रेडिंग करताना चेहऱ्यांवर डाग दिसू लागले आणि मंडपामागच्या संध्याकाळच्या आकाशात पट्टे पडले. माझे कुठे चुकले?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचा हेतू बरोबर आहे, मात्रा चुकली आहे. सेन्सरला उजेडापासून सावलीपर्यंतचा जो पल्ला दिसतो तो बराच मोठा असतो आणि छायाचित्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या, स्वरूपात काढले, तर त्यातला जवळजवळ सगळा पल्ला फाइलमध्ये उतरतो. या दर्जाच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ मात्र जेपेग छायाचित्राच्या जातीचा असतो. कॉन्ट्रास्ट, रंग, कडांची धार आणि व्हाइट बॅलन्स या सगळ्याचा निर्णय कॅमेऱ्यातच होतो आणि तो निर्णय झाल्यानंतर जे उरते तेच कार्डावर लिहिले जाते. फ्लॅट प्रोफाइल, अर्थात अशी सौम्य पिक्चर स्टाइल, वापरणे म्हणजे कॅमेऱ्याला हा निर्णय थोडा हात राखून घ्यायला सांगणे. त्याने सावलीतला तपशील काळ्यात बुडत नाही, उजळ भाग पांढरा पडत नाही, आणि पुढचे काम आपल्या हाती राहते.

आता अडचण अशी, की तुमच्या कॅमेऱ्याची व्हिडिओ फाइल ८ बिटची आहे. लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगासाठी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जास्तीत जास्त २५६ पायऱ्या मिळतात. १० बिटच्या कॅमेऱ्यात त्या १०२४ असतात. समजा, नेहमीच्या प्रोफाइलमध्ये वधूच्या गालावरचा उजेड आणि हनुवटीखालची सावली यांच्यात साठ पायऱ्या होत्या आणि तुम्ही चित्र इतके सपाट केले की त्या तीसच उरल्या. ग्रेडिंगमध्ये कॉन्ट्रास्ट परत वाढवला की त्या तीस पायऱ्या साठांच्या जागेत ताणल्या जातात, पण मधल्या तीस कुठून येणार? त्या कॅमेऱ्याने लिहिलेल्याच नाहीत. गालावर जिथे अलगद उतार असायला हवा तिथे जिना दिसतो. आकाशातले पट्टे हाच प्रकार आहे. तिथे रंग फार हळू बदलतो म्हणून तो आधी डोळ्यात भरतो.

चेहऱ्यावरच्या डागांचे कारण थोडे वेगळे आहे. या कॅमेऱ्यांत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंगाची माहिती दोन बाय दोन, म्हणजे चार पिक्सेलना मिळून एकच ठेवतात. त्यावर एच.२६४ या पद्धतीचे कॉम्प्रेशन (फाइल लहान करणे) होते आणि ते सगळ्यात आधी बारीकसारीक फरक टाकून देते, कारण डोळ्याला ते दिसणार नाहीत असे गृहीत धरलेले असते. तुम्ही सॅच्युरेशन तळाला नेल्यावर रंगांमधले सगळेच फरक बारीक झाले, कॉम्प्रेशनने त्यांतले बरेच टाकून दिले, आणि ग्रेडिंगमध्ये तुम्ही सॅच्युरेशन वाढवले तेव्हा उरलेले चौकोनी तुकडे मोठे होऊन समोर आले.

म्हणून माझा सल्ला असा आहे : पिक्चर स्टाइल ‘न्यूट्रल’ निवडावी, कॉन्ट्रास्ट उणे चारपर्यंत खाली आणायला हरकत नाही, पण सॅच्युरेशन उणे एकच्या किंवा फार तर उणे दोनच्या खाली नेऊ नये. कलर टोन शून्यावर राहू द्यावा. शार्पनेसमधली ‘स्ट्रेंग्थ’ मात्र शून्यावर आणावी आणि याबाबतीत कसलीही तडजोड करू नये. कॅमेरा धार वाढवतो म्हणजे प्रत्येक कडेभोवती एक बारीक उजळ रेघ ओढतो. नथीच्या मोत्यांभोवती किंवा पैठणीच्या काठाभोवती ती रेघ एकदा बसली की कोणत्याही सॉफ्टवेअरला ती स्वच्छ काढता येत नाही. शिवाय त्या रेघा साठवण्यातच कॉम्प्रेशनची ताकद खर्च होते. धार नंतर, शेवटच्या टप्प्यावर द्यावी. ‘ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर’ बंद असल्याची खात्री करावी, कारण सावल्या किती उचलायच्या हे ते तुम्हाला न विचारता ठरवते.

ही सेटिंग माझी नाही, बरीच जुनी आहे. कॅननचा ५डी मार्क टू २००८ मध्ये आला आणि त्याच्यासारख्या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यातून फुल एचडी चित्रण होऊ लागले, तेव्हापासून न्यूट्रल स्टाइल आणि तळाला नेलेला कॉन्ट्रास्ट ही जोडी कामाची ठरली आहे. त्यानंतर २०११ मध्ये टेक्निकलर या कंपनीने कॅननसाठी ‘सिनेस्टाइल’ नावाची पिक्चर स्टाइल मोफत दिली. ती न्यूट्रलपेक्षा पुष्कळ अधिक सपाट आहे. सावल्या ती इतक्या उचलते की मधल्या टोनसाठी, म्हणजे नेमक्या त्वचेसाठी, पायऱ्या कमी उरतात. कडक उन्हातल्या एखाद्या दृश्यासाठी मी ती वापरेन. लग्नाच्या दिवसभराच्या कामासाठी वापरणार नाही.

हळदीच्या कार्यक्रमाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे फ्लॅट प्रोफाइलचा खरा उपयोग होतो आणि तिथेच बहुतेकांचे फुटेज बिघडते. माझ्या भाचीच्या हळदीचे चित्रण मी ‘स्टँडर्ड’ स्टाइलमध्ये केले होते. अंगणात सकाळचे ऊन, पिवळी साडी, झेंडूच्या माळा आणि चेहऱ्यावर हळद. पडद्यावर सगळे प्रसन्न दिसत होते, एक्स्पोजरही मीटरप्रमाणे बरोबर होते. घरी येऊन पाहतो तर गालावरची हळद म्हणजे रंगाचा एक सपाट थर झाला होता. बोटांचे ठसे, हळदीची ओल, तिच्याखालची त्वचा यांतले काहीही उरले नव्हते. हळदीच्या पिवळ्यात लाल आणि हिरवा खूप आणि निळा फार थोडा असतो. स्टँडर्ड स्टाइलने सॅच्युरेशन वाढवले, तेव्हा लाल रंग २५५वर जाऊन अडकला. एकूण उजेड मर्यादेत होता, म्हणून साध्या हिस्टोग्रामने (उजेडाच्या आलेखाने) काहीच इशारा दिला नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट न चुकता करतो. चित्रण सुरू करण्याआधी त्याच पिक्चर स्टाइलमध्ये, त्याच शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर एक छायाचित्र काढतो आणि प्लेबॅकमध्ये त्याचा लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम पाहतो. लाल रंगाचा ढीग उजव्या भिंतीला टेकला असेल, तर एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली आणतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). हळदीच्या दृश्यात सॅच्युरेशन उणे दोन ठेवण्याचे कारणही हेच आहे. तिथे तुम्ही रंग फिका करत नसता, लाल रंगाला वर जागा करून देत असता.

एक जोडसूचना : तुमच्या कॅमेऱ्यात ४के चित्रणाची सोय आहे. त्यात दृश्य कडेने कापले जाते आणि फोकस संथ होतो, म्हणून धावपळीच्या प्रसंगांना ती गैरसोयीची आहे. पण मंगलाष्टकांच्या वेळी कॅमेरा तिपाईवर असेल, तर ४केमध्ये चित्रण करून अंतिम व्हिडिओ १०८०मध्ये तयार करावा. चार पिक्सेलांचा एक पिक्सेल होत असल्याने रंगाची माहिती तेव्हा प्रत्येक पिक्सेलला एक अशी पूर्ण मिळते आणि ग्रेडिंगमध्ये चेहरे पुष्कळ अधिक सांभाळून घेतात.

प्रश्न : कॅननवर आयएसओ १६०च्या पटीत, म्हणजे १६०, ३२०, ६४० असाच ठेवावा, असे सांगतात. त्यात तथ्य आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जुन्या कॅनन डीएसएलआरबाबत आहे. तिथे १६० म्हणजे २००वर केलेले चित्रण नंतर एक तृतीयांश स्टॉपने गडद केलेले असते, त्यामुळे सावलीतले दाणेही (नॉइज) तेवढे दबतात. पण वरच्या बाजूचा उजेडाचा पल्लाही तेवढाच कमी होतो. दिवाणखान्यातल्या प्रसंगाला हा व्यवहार फायद्याचा आहे. उन्हात, पांढऱ्या कपड्यांच्या समोर, नाही.

प्रश्न : मी सोनीच्या ए७ थ्रीवर एस-लॉग३ वापरतो. कॅमेरा चांगला, लेन्स चांगली, तरीही हॉलमधल्या फुटेजच्या सावल्यांत दाणे फार दिसतात आणि रंग मातकट येतात. लॉग हे फ्लॅटहून चांगले समजतात ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : लॉग म्हणजे फ्लॅटहूनही सपाट प्रोफाइल; त्यात पल्ला अधिक मावतो, हे खरे. पण तुमचा कॅमेरा व्हिडिओ ८ बिटमध्येच लिहितो, आणि लॉगची रचना मुळात अधिक पायऱ्या असलेल्या फाइलसाठी आहे. त्यात एस-लॉग३ हा एस-लॉग२पेक्षा सावल्यांना अधिक जागा देतो आणि वरचा काही भाग रिकामाच सोडतो, म्हणून २५६ पायऱ्यांतल्या काही वायाच जातात. लॉगच हवा असेल तर या कॅमेऱ्यावर एस-लॉग२, म्हणजे पिक्चर प्रोफाइल ७, अधिक बरा.

दाण्यांचे कारण एक्स्पोजरमध्ये आहे. या कॅमेऱ्यात एस-लॉग निवडला की आयएसओ ८००च्या खाली जात नाही. एस-लॉग२मध्ये १८ टक्के उजेड परतवणारा करडा रंग चित्राच्या उजेडपातळीत ३२ टक्क्यांवर बसतो आणि पांढरा कागद ५९ टक्क्यांच्या आसपास. नेहमीच्या टीव्हीच्या प्रमाणात हाच करडा रंग ४१ टक्क्यांच्या जवळ असतो. साहजिकच चित्र पडद्यावर विचित्र दिसते आणि डोळ्यांना बरे वाटेल असे फिरवत आपण एक्स्पोजर चुकवतो. मीटर शून्य दाखवत असताना एक ते दीड स्टॉप अधिक उजेड घ्यावा आणि ग्रेडिंगमध्ये तो खाली आणावा; दाणेही त्याबरोबर खाली जातात. मेन्यूतला ‘गॅमा डिस्प्ले असिस्ट’ सुरू केल्यास पडद्यावर नेहमीसारखे चित्र दिसते आणि अंदाज चुकत नाही.

पण तुमच्या हॉलमध्ये लॉगची गरज काय आहे, हा प्रश्न मी आधी विचारेन. जिथे दिव्यांचा उजेड सगळीकडे सारखा आहे आणि खिडकीतून ऊन येत नाही, तिथे दृश्याचा पल्ला मुळातच लहान असतो आणि साध्या प्रोफाइलमध्ये तो सहज मावतो. अशा लहान पल्ल्याला लॉगच्या मोठ्या पेटीत ठेवले, की तो पेटीच्या एका कोपऱ्यात थोड्याच पायऱ्यांत जाऊन बसतो. त्यापेक्षा प्रोफाइलमधला गॅमा (उजेड-सावलीची वाटणी ठरवणारी सेटिंग) ‘सिने४’ करावा. तो सौम्य आहे, वरचे उजळ भाग हळुवार दाबतो, आणि एस-लॉगसारखे आयएसओचे बंधन त्याला नाही. लग्नाच्या हॉलमधली माझी बहुतेक कामे मी सिने४वरच करतो.

याउलट बाहेरच्या उन्हात एस-लॉग२ जरूर वापरावा, पण त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच, लागतो, आणि तो किती लागतो याचा हिशेब घरीच करून निघावे. स्वच्छ उन्हात आयएसओ ८००ला एफ १६ आणि एक आठशेअंश सेकंद हे योग्य एक्स्पोजर. आपल्याला २५ फ्रेमसाठी शटर एक पन्नासांश सेकंद हवा, म्हणजे चार स्टॉप उजेड जास्त झाला. अ‍ॅपर्चर एफ ४ ठेवायचे असेल तर आणखी चार. एकूण आठ स्टॉप झाले. वर सांगितल्याप्रमाणे एक स्टॉप मुद्दाम जास्त घ्यायचा असेल, तर सात स्टॉपचा एनडी पुरतो. फिरवून गडद करता येणारे व्हेरिएबल एनडी सोयीचे असतात, पण रुंद लेन्सवर ते अगदी टोकाला फिरवले की चित्रात फुलीसारखी काळी सावली उमटते.

प्रश्न : यंदा वारीचे चित्रण करायचे आहे. माझ्याकडे निकॉनचा डी५६०० आहे. मागच्या वर्षी वारकऱ्यांचे धोतर आणि टोपी पांढरीफेक आली आणि चेहरे काळे पडले. ढग सरकले की चालू शॉटमध्येच चित्र उजळत-मंदावत होते. फ्लॅट प्रोफाइलने हे सुधारेल का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : निकॉनने ‘फ्लॅट’ हे पिक्चर कंट्रोल २०१४ मध्ये डी८१०बरोबर आणले आणि ते तुमच्या कॅमेऱ्यातही आहे. ते वापरावे, त्यातली धार कमी करावी आणि ‘अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग’ बंद ठेवावे. पण निम्मे काम त्याने होईल. उरलेले निम्मे एक्स्पोजर हाताने ठेवण्याचे आहे.

आषाढात पालख्या चालतात तेव्हा आकाश क्षणाक्षणाला बदलते. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा प्रत्येक ढगाला उत्तर देत राहतो, आणि शॉटच्या मधोमध झालेला असा बदल ग्रेडिंगमध्ये सुधारणे फार कष्टाचे असते. म्हणून मेन्यूतून ‘मॅन्युअल मूव्ही सेटिंग्ज’ सुरू करावे, २५ फ्रेमला शटर एक पन्नासांश सेकंद पक्का करावा आणि एक्स्पोजर उन्हासाठी ठरवावे, ढगासाठी नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने रात्री मुक्कामाच्या ठिकाणी, तंबूतल्या ट्यूबलाइटखालीही, हाच शटर लुकलुक होऊ देत नाही.

उन्हात आलेल्या एखाद्या धोतराचे छायाचित्र काढा आणि प्लेबॅकमधल्या हायलाइट इशाऱ्यात पाहा. धोतराच्या चुण्या लुकलुकत असतील, तर तिथला तपशील गेला. लुकलुक नुकतीच थांबेल इतपत उजेड कमी करा आणि तिथेच थांबा; त्याहून खाली जाऊ नका, कारण तुम्हाला टोपीखालचा चेहराही वाचवायचा आहे. हे एक्स्पोजर साध्या प्रोफाइलमध्येही ठेवता येते, पण तिथे चेहरा जवळजवळ काळ्यात जातो. फ्लॅटमध्ये तोच चेहरा काळ्यापासून काहीसा वर राहतो आणि नंतर फारसे दाणे न येता उचलता येतो. ढग आला, तर शॉट संपू द्या आणि पुढच्या शॉटला आयएसओ वाढवा.

व्हाइट बॅलन्सही ऑटोवर ठेवू नये. फाइलमध्ये तो शिजून येतो, हे वर लिहिलेच आहे. समोरून भगव्या पताका गेल्या की ऑटो त्यांना निळसर करायला धावतो आणि शॉटमध्येच टाळकऱ्यांचे चेहरे फिके पडतात. उन्हासाठी सूर्याचे, ढगासाठी ढगाचे चिन्ह निवडून कायम ठेवावे.

प्रश्न : फ्लॅट फुटेजवर इंटरनेटवरून घेतलेली लट (एलयूटी, म्हणजे रंगबदलाची तयार फाइल) टाकली की रंग भडक आणि चेहरे लाल होतात. ग्रेडिंगची सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ती लट बहुधा लॉगसाठी बनवलेली असावी. लॉगची लट भरपूर कॉन्ट्रास्ट आणि रंग भरते, कारण लॉगला त्याची गरज असते. कॅननचे न्यूट्रल किंवा निकॉनचे फ्लॅट तेवढे सपाट नसते. लट बाजूला ठेवा. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरेशी आहे. तिच्यात वेव्हफॉर्म (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) उघडून आधी काळ्याची पातळी खाली आणा, मग पांढऱ्याची वर न्या, मधला टोन चेहरा पाहून ठरवा, आणि हे झाल्यावरच सॅच्युरेशनला हात लावा. कॉन्ट्रास्ट वाढला की रंग आपोआप गडद होतात, म्हणून पुष्कळदा सॅच्युरेशन वाढवण्याची गरजच पडत नाही.

व्हेक्टरस्कोपवर (रंगांच्या गोल आलेखावर) त्वचेसाठी एक तिरकी रेघ दाखवता येते. माणूस गोरा असो वा सावळा, त्वचेचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो. फरक पडतो तो रंगाच्या गडदपणात आणि उजेडात. सावळ्या चेहऱ्याला रेघेवर आणावे, पण उजळ करत बसू नये. आणि हळद लावलेला चेहरा रेघेवर आणण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. तो रेघेपासून पिवळ्याकडे झुकलेलाच असायला हवा. रेघेवर आणला तर हळद विटकरी दिसते. तिथे मी चेहऱ्याऐवजी वधूच्या हाताचा, जिथे हळद पोचलेली नाही असा भाग निवडून रंग जुळवतो.

प्रश्न : माझा कॅमेरा यांपैकी कोणताच नाही. किती फ्लॅट करावे हे मला कसे कळेल?
– एक वाचक, पणजी

उत्तर : सूर्य मावळल्यानंतर दहा मिनिटांनी गच्चीवर जा आणि घरातल्या कोणाला तरी आकाशाकडे पाठ करून उभे करा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स पक्के करून कॅमेऱ्यातली सगळ्यात सौम्य स्टाइल निवडा. दहा-दहा सेकंदांचे चार शॉट घ्या, प्रत्येकात कॉन्ट्रास्ट एकेक घर खाली. मग सॅच्युरेशनचेही तसेच करा. संगणकावर प्रत्येक शॉटचा कॉन्ट्रास्ट आणि रंग नेहमीच्या दिसण्याइतका परत वाढवा आणि चित्र पूर्ण आकारात, दोनच ठिकाणी पाहा : क्षितिजावर जिथे नारिंगी रंग निळ्यात विरतो तिथे, आणि गालावर जिथे उजेड सावलीत उतरतो तिथे. ज्या शॉटमध्ये पहिल्यांदा पट्टा किंवा चौकोन दिसला, त्याच्या अलीकडचे घर तुमच्या कॅमेऱ्याचे. ते डायरीत लिहून ठेवा, आणि घाईच्या कामात तेवढेच वापरा.